आडात श्री., पोहऱ्यात कै.

२००६ साली मी सिंदी मेघेत कॉम्प्युटर क्लास चालवत होतो आणि फुकटात आमच्या समाजाची वेबसाइट सांभाळत होतो. फुकटात हा शब्द मुद्दाम लिहितो, कारण फुकटच्या कामाला मालक फार असतात. कोणीही उठावं आणि योगेंद्रभाऊ, माह्या पोराचा फोटो काळा दिसून राह्यला म्हणावं. पोरगं काळं होतं त्याला मी काय करणार.

वेबसाइट होती वधू-वर सूचक मंडळाची. वर्ध्यात समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर मंडळाची खोली. दोन लोखंडी कपाटं, एक कॉम्प्युटर, आणि सुलोचनाबाई. बाई तिथलं सगळं लिखाण पाहायच्या. फॉर्म आला की त्या आधी रजिस्टरात उतरवत, मग कॉम्प्युटरात भरत. भरलेलं सगळं डेटाबेसात जाऊन बसायचं. कोणी पान उघडलं की माझा प्रोग्राम डेटाबेसातून माहिती काढून पान तयार करायचा आणि ते तयार पान एका फोल्डरात दिवसभर ठेवून द्यायचा, म्हणजे दुसऱ्याने मागितलं तर पुन्हा मेहनत नको. सकाळची पोळी संध्याकाळी वाढावी तसा प्रकार. त्यात कधीकधी शिळं पान वाढलं जायचं, हे मला ठाऊक होतं. फोल्डर रिकामं केलं की काम व्हायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वडील हयात आहेत का. हो असेल तर डेटाबेसात १, नसेल तर ०. एक असला की प्रोग्राम वडिलांच्या नावाआधी 'श्री.' लावायचा आणि आईच्या नावाआधी 'सौ.'. शून्य असला की 'कै.' आणि 'गं. भा.'. एकाच आकड्यावर दोन्ही कामं करून घेतली म्हणून २००२ साली मी स्वतःवरच खूश झालो होतो.

फेब्रुवारीच्या बावीस तारखेला मी मंडळात बसलो होतो, तेव्हा भैय्याजी जिना चढून वर आले. पुलगावला लागून नाचणगाव आहे, तिथं त्यांचं घर आणि घराला लागूनच किराणा दुकान. अंगानं भरलेला माणूस, दोन जिने चढून घामानं निथळत होता. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"भाऊ, हे वाचा जरा. मोठ्यानं वाचा."

कागद त्यांच्या मुलीच्या, रक्षाच्या पानाचा होता. रक्षा बी.ए. बी.एड., रंग गहूवर्णीय, वगैरे. खाली वडिलांचं नाव. मी वाचलं आणि थांबलो.

"वाचा ना. कै. भैय्याजी. अन् आईच्या म्होरं गं. भा. मंग मी कोन हाओ?"

सुलोचनाबाईंनी तोंडाला पदर लावला. मला हसू आलं होतं, पण माणूस हसण्याच्या मूडमध्ये नव्हता. कारंजा घाडगेचं स्थळ आलं होतं. मुलगा वैभव, घरचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घर चांगलं. पोरीनं याआधी तीन वेळा पोहे दिले होते आणि तीनदा नकार ऐकला होता. हे चौथं स्थळ तिलाही आवडलं होतं. मंडळी घरी येऊन मुलगी पाहून गेली, सगळं पसंत. मग मुलाचे मोठेबाबा, म्हणजे मोठे काका, नत्थूजी कारंज्याच्या नेट कॅफेत गेले आणि हा कागद छापून घेऊन आले.

"ते म्हंतात, पोरीचा बाप तं वारला हाये. मंग आमी आलतो तवा गादीवर कोन बसला होता? त्याईले वाटते मी तिचा काका हाओ. बाप म्हणून बसलो."

"अहो, मग सांगायचं ना."

"सांगतलं. रेशन कार्ड दाखोलं. तं म्हने जुनं असन. नत्थूजी म्हंतात, पोरीले बाप नसला तं नसला, त्यात काई पाप नाई, काका करते कन्यादान. पन आमच्याशी खोटं काऊन बोलले? नेटवर छापलं ते खोटं कसं असन?"

जिवंत माणसाला जिवंत असल्याचा पुरावा देता येईना, आणि माझ्या वेबसाइटनं त्याला मारून टाकलं होतं. नत्थूजींनी मुदत दिली होती. चोवीस तारखेला दुपारी बारा वाजता ते पुन्हा पान उघडून पाहणार. सुधरलं असलं तर बोलणी पुढं, नाही तर राम राम.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

डेटाबेस उघडला. रक्षाच्या नोंदीत १ होता. म्हणजे पान शिळं. फोल्डर रिकामं केलं, पान पुन्हा उघडलं. श्री. भैय्याजी. सौ. यशोदाबाई. भैय्याजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मीही क्लासला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन. आदल्या रात्री पुलगावच्या कॅफेत पाहिलं होतं. पुन्हा कै.

त्या दिवशी मी जे जे केलं ते सांगायला बसलो तर माझाच संताप पुन्हा होईल. फोल्डर पुन्हा रिकामं केलं. पानं साठवून ठेवायची सोयच बंद करून टाकली, म्हणजे दर वेळी ताजं पान बनावं. पाच मिनिटं श्री., मग कै. ब्राउझरात साठलेलं सगळं पुसलं. क्लासच्या आठही कॉम्प्युटरवर पाहिलं, आठही ठिकाणी कै. ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवली होती त्या पुण्याच्या लोकांना फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, तुमचा ब्राउझर रिफ्रेश करून बघा. मी फोन ठेवला नसता तर तोंडातून काय निघालं असतं देव जाणे.

मधे साडेचार तासांचं लोडशेडिंग. लाइट आली तसा मी पुन्हा बसलो. शेवटी पानाच्या कोपऱ्यात तो आकडाच छापायला लावला, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसाकडून नेमकं काय मिळतंय ते तरी दिसेल. पान उघडलं. कोपऱ्यात १. त्याच्या दोन बोटं खाली कै.

मी क्लासमधल्या पोरांना चार वर्षं एकच गोष्ट शिकवत आलो होतो, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. डेटाबेस म्हणजे आड, पान म्हणजे पोहरा. पानावर चूक दिसली तर आडात वाकून बघा. आता मी आडात वाकून बघत होतो आणि आडात श्री. होता. पोहऱ्यात कै. येत होता. ते कुठून येत होतं?

रक्षाची नोंदच काढून टाकली आणि सगळी माहिती नव्या क्रमांकानं पुन्हा भरली. दोन तास श्री. राहिलं. सायंकाळी पुन्हा बदललं. बायको म्हणाली, जेवून घ्या आता, ते काही पळून नाही जात. मी तिच्यावर उगाच खेकसलो.

चोवीस तारखेला सकाळी नऊला मंडळाच्या खोलीवर गेलो. मनात एक होतं. चूक एकाच पानावर आहे की आणखी कुठं, हे पाहायचं. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी सुलोचनाबाई दर महिन्याच्या सुरुवातीला सगळी पानं छापून फाइलला लावत. ती फाइल मी घेतली, बाईंचं रजिस्टर घेतलं, आणि एकेक नाव ताडून पाहायला लागलो.

जानेवारीच्या फाइलमध्ये आर्वीकडच्या एका मुलीचं पान निघालं. छापील पानावर वडील कै. रजिस्टरात श्री. लिहून नंतर लाल शाईनं खोडलं होतं, आणि वर कै. केलं होतं.

"बाई, हे लाल तुम्ही कधी केलं?"

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "ते एकोनीस जानेवारीले वारले ना जी. त्याईच्या पोराचा फोन आलता. मंग मी केलं, बाजूले तारीख बी टाकली हाये."

"आणि हा कागद चार तारखेचा आहे." पान छापलं की खाली कोपऱ्यात ब्राउझर आपोआप तारीख टाकतो. चार जानेवारी, स्पष्ट होती.

बाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. "तुमच्या मशीनची तारीख चुकली असन."

मी पुढं पाहत गेलो. पुलगावचं एक पान. हिंगणघाटचं एक. दोन्हींत छापील कै. आधी, लाल शाई नंतर. मधलं अंतर पंधरा दिवस, चौदा दिवस. तीन सापडल्यावर मी फाइल मिटली. चौथं शोधायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगतो.

दोन दिवस मी पानाला शिळं म्हणून शिव्या घालत होतो. शिळं पान नव्हतंच. शिळं होतं सुलोचनाबाईंचं रजिस्टर. शिळा होता माझा डेटाबेस.

भैय्याजींनी आणलेला कागद टेबलाच्या काचेखाली होता. नत्थूजींनी कारंज्यात छापलेला. मी खालची तारीख पाहिली. नऊ फेब्रुवारी. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

पंधरा दिवस आज होत होते.

अकराला भैय्याजी स्वतः येऊन समोर बसणार होते. सव्वाअकरा झाले. आले नाहीत. मी दुकानात फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाई म्हणाल्या, गाडीत असन जी. साडेअकराला तिसऱ्यांदा लावला, कोणी उचलला नाही. बाराला नत्थूजी कॅफेत बसणार होते, आणि एका पोरीचं जमलेलं लग्न माझ्या पडद्यावर मोडत होतं. तेवढं एकच माझ्या हातात होतं असं मला वाटलं.

मग मी असं काम केलं की माझ्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. चूक शोधायची सोडून चुकीवर रंग फासला. प्रोग्रामच्या अगदी शेवटी एक ओळ टाकली. पान तयार झालं की त्यात जिथं कै. असेल तिथं श्री. करावं, गं. भा. असेल तिथं सौ. करावं, आणि मगच पान बाहेर सोडावं. आडात काय, पोहऱ्यात काय, वाढताना मी बदलणार. नोंदीचा क्रमांक मी त्यात घातला नाही, कारण नोंद पुन्हा भरावी लागली तर क्रमांक बदलला असता. ओळ सर्व्हरवर चढवली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. पान उघडलं. श्री. भैय्याजी. दहा वेळा उघडलं. श्री.

बारा दहाला नत्थूजींचा फोन आला. "सुधरलं जी पान. आमचाच गैरसमज झाला. पुढची बैठक करू म्हना."

साडेबाराला भैय्याजींचा. आवाज जरा जड वाटला. "झालं का भाऊ? मी जरा लोळलो होतो दुकानात. गाडी चुकली."

मी खुर्चीत मागे रेललो आणि मोठ्यानं हसलो. पंधरा दिवस अन् चौदा दिवस, काय काय मनात आणलं होतं मी. सुलोचनाबाईंनी विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, जेवायची वेळ झाली.

मार्चमध्ये देवळीहून शकुंतलाबाई क्लासवर आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांच्या मुलीची नोंद मंडळात होती. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"माह्या पोरीच्या कागदावर तिच्या बापाले श्री. काऊन केलं?"

माझ्या लक्षात आलं. ती ओळ सगळ्याच पानांना लागू होत होती. गेलेले सगळे श्री. झाले होते. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"अमरावतीचे पाव्हने आलते. म्हने, फोनवर पोरीच्या बापाशी बोलनं झालं, त्यानंच बलावलं. माहा मालक जाऊन सा वर्सं झाले जी."

"कोणी तरी थट्टा केली असेल."

"मले बी तसंच वाटलं. पन पाव्हने घर शोधत तासभर फिरले. फोनवरच्यानं त्याईले सांगतलं, चिंचेच्या झाडापासून वळा. चीच तं चार साल झाले तोडली. आता कोनी चिचेचं नाव बी घेत नाई." त्यांचा आवाज फाटला. "पोरगी आता फोनपासून हलत नाई. वाजला का धावते. तिले काय सांगू मी?"

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्यासमोरच बसून ती ओळ बदलली, फक्त रक्षाच्या क्रमांकापुरती ठेवली. बाकीची पानं पूर्ववत झाली. शकुंतलाबाईंनी पडद्यावर नवऱ्याच्या नावापुढं कै. पुन्हा उमटलेलं पाहिलं आणि गेल्या. ओळ पूर्णच काढून टाकावी असं एकदा मनात आलं. बोट कीबोर्डवर होतं. पण बोलणी ठरली होती, साखरपुडा आठ दिवसांवर होता. ठेवली.

लग्न अकरा मेला नाचणगावात झालं. ऊन म्हणजे आमच्या वर्ध्याचं ऊन. मांडवात पंखे होते, ते गरम हवाच इकडून तिकडे फेकत होते. माणसं उपरण्यानं मान पुसत होती. दाराशी भैय्याजी उभे होते, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. मला पाहून पुढं आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"तुमच्यामुळं झालं भाऊ."

त्यांचे हात गार होते. सदरा कोरडा, कपाळ कोरडं. फेब्रुवारीत दोन जिने चढून निथळणारा माणूस. मला वाटलं, धावपळीत थंड पाण्यानं हात धुतले असतील.

नत्थूजी भेटले. तेही खुशीत होते. भैय्याजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याले आमी कै. म्हणून राह्यलो होतो. पाहा कसा तगडा हाये." सगळे हसले. भैय्याजीही हसले. नंतर नत्थूजी आपला तळहात धोतराला पुसत राहिले.

कन्यादान भैय्याजींनीच केलं. पंगतीत स्वतः वाढायला फिरले, आग्रह करकरून जिलबी वाढली. तुम्ही बसा आता म्हटलं तर म्हणाले, नंतर जेवतो. रक्षा निघाली तेव्हा बापाच्या गळ्यात पडून रडली आणि एकदम मागे सरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग गाडीत बसली. गाडी गेली, धूळ खाली बसली, मंडळी पांगली, तरी भैय्याजी रस्त्यावर तसेच उभे होते.

मंडळाचा नियम होता, लग्न झालं की नोंद काढायची. मी टाळत होतो. का ते स्वतःला विचारत नव्हतो.

आठ दिवसांनी यशोदाबाई एकट्या क्लासवर आल्या. लाइट गेली होती, पोरं घरी गेली होती. त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "भाऊ, रक्षाचं नाव काढून टाका आता."

"काढतो. लाइट आली की काढतो."

"आजच काढा. मी बसतो इथं."

त्या जमिनीकडे बघत बोलायला लागल्या. आवाज अगदी साधा होता.

"त्या दिवशी अकराच्या आत दुकानात पडले हे. तुमच्याकडं याले निंगाले होते. मी नाडी पाहली, नाकाशी सूत धरलं. काईच नव्हतं जी. हात लावून पाहला, थंड पडून राह्यले होते. रक्षा पुलगावले गेलती. मी दुकानाचं दार लावलं. फोन वाजत होता, मी उचलला नाई."

मी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"बारा वाजता कारंज्याचे पाह्यनार होते ना. म्हटलं, आता रडली तं गाव गोळा होईन, अन् पोरीचं हेबी मोडन. बारा वाजेतो थांबाव. मंग रडू. बसली तशीच उशाशी." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पावने बाराले उठून बसले. मले म्हने, पान सुधरलं का."

"यशोदाबाई, चक्कर आली असेल त्यांना. होतं असं."

"मी बी त्याईले काई विचारलं नाई. पोरीचं लगन होतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तवापासून घास नाई घेतला त्याईनं. डोया नाई लावला. बसून राह्यतात. उदबत्त्या लावून लावून मी थकली जी. त्याईनंच धाडलं मले. म्हने, भाऊले सांग, झालं काम, आता मले सोडा म्हना."

चारला लाइट आली. त्या माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी रक्षाची नोंद उघडली आणि काढून टाकली. डेटाबेसाला विचारलं, अशी नोंद नाही म्हणाला.

पान उघडलं.

श्री. भैय्याजी. सौ. यशोदाबाई.

मी ती ओळ काढली. पान उघडलं. श्री.

फोल्डर उघडलं. फेब्रुवारीपासून बंदच होतं, आत काही नव्हतं. तरी अख्खं फोल्डर उडवलं. श्री.

"होईन ना?" यशोदाबाईंनी मागून विचारलं.

"होईल. थोडं शिळं पान अडकलंय."

आता मात्र ते खरंच शिळं होतं. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा तेच सगळं केलं, जे फेब्रुवारीत केलं होतं, फक्त उलटं. हातापाया पडून पान बदल म्हणत होतो. टेबलावर मूठ आपटली तेव्हा यशोदाबाईंनीच मला म्हटलं, राहू द्या भाऊ, दमाने करा. त्या शेवटच्या गाडीनं गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी प्रोग्राम पुसला. मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन भांडून गेले.

मग डेटाबेस पुसला.

मग पुण्याच्या लोकांना सांगून साइटच बंद करवली. तीच मुलगी म्हणाली, सर, त्या नावावर आता आमच्याकडे काहीच नाही.

पान उघडत होतं. बाकी एकही पान नाही, तेवढं एकच. कारंज्याला फोन करून नत्थूजींना कॅफेत पाठवलं. ते म्हणाले, दिसते ना जी, चांगलं दिसते, काऊन?

जूनमध्ये एकदा दुकानात फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"निंगालं का भाऊ?" भैय्याजी होते. आवाज दुरून येत होता, कोरडा.

"नाही भैय्याजी. करून राह्यलो."

"करजो." थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. श्वाससुद्धा. "बापा, करजो पन."

ऑगस्टमध्ये मी नाचणगावला गेलो. तोंडावर सांगावं म्हटलं की माझे हात टेकले. भर दुपार होती. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. उदबत्तीच्या धुरानं डोळे चुरचुरले. आत पोत्यांच्या मागे, अंधाऱ्या बाजूला, भैय्याजी लाकडी खुर्चीवर बसले होते. गळ्यापर्यंत शाल होती. त्यांनी मान हलवली आणि मला बसायची खूण केली. मी बसलो.

यशोदाबाई आतून तांब्या घेऊन आल्या. कपाळावर मोठं कुंकू होतं. मला वाटलं माझ्यासाठी पाणी आणलं, म्हणून मी हात पुढं केला. त्या माझ्यासमोरून गेल्या आणि भैय्याजींच्या खुर्चीशी खाली बसल्या. खुर्चीचे चारही पाय पितळी वाट्यांत ठेवलेले होते. दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाला मुंग्या चढू नयेत म्हणून आपण ठेवतो तसे. त्यांनी एकेक करून चारही वाट्या पाण्यानं काठोकाठ भरल्या.